सोळाव्या मजल्यावरची हिरवी माशी

“डॉक्टर, ससा घरातच असतो हो. खाली कधी उतरतही नाही.” जून ते सप्टेंबर या महिन्यांत हे वाक्य माझ्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला ससा असतो. त्याला टेबलावर घेऊन शेपूट उचलली, की खालच्या ओल्या, चिकटलेल्या केसांत अळ्या वळवळताना दिसतात. आणणारा माणूस खोटं बोलत नसतो. ससा खरोखरच फ्लॅटबाहेर गेलेला नसतो. माशी मात्र कुठल्याही मजल्यावर पोचते.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. इथल्या टॉवरांमध्ये गेल्या काही वर्षांत घरोघरी ससे आले. कारणं समजण्यासारखी आहेत. कुत्रा आणला की सोसायटीत कुरबुर सुरू होते, त्याला दिवसातून तीनदा खाली न्यावं लागतं, आईबाबा दोघंही नोकरीला. ससा भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही, दिसायला गोड, आणि मुलाच्या वाढदिवसाला पिंजऱ्यासकट मिळतो. त्याच्याबरोबर काय मिळत नाही, तर त्याला कशाने मरण येऊ शकतं याची माहिती. म्हणून हा लेख मी पशुवैद्यकांच्या मासिकात न देता वर्तमानपत्रात देते आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सशाच्या अंगात किडे पडणं हा नशिबाचा भाग नाही. तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येणारा आजार आहे, आणि तो टाळण्याचं औषध बाटलीत मिळत नाही. ते सशाच्या खाण्यात आहे, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ सशाच्या शेपटीखाली नजर टाकण्यात आहे.

आधी माशीचं बघू. मासळी बाजारात टाकाऊ मासळीवर बसते ती चकचकीत हिरवी-निळी माशी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिला ओल्या विष्ठेचा, कुजलेल्या लघवीचा, चिघळलेल्या कातडीचा वास लांबून येतो. त्या वासावर ती सशापर्यंत येते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीला लागून, अंडी घालते. एका खेपेला शंभर-दोनशे. ती पांढुरकी-पिवळट असतात, खसखशीच्या दाण्याहून जराशी लांबट, आणि पांढऱ्या सशाच्या केसांत सहज नजरेतून सुटतात. आपल्याकडच्या पावसाळी उबदार, दमट हवेत त्यांतून बारा ते चोवीस तासांत अळ्या बाहेर पडतात, कधी त्याहूनही लवकर. काही जातींच्या माशा तर अंड्यांऐवजी जिवंत अळ्याच सोडतात. अळ्यांना आधीची जखम लागतेच असं नाही. भिजून मऊ पडलेली कातडी त्यांना पुरते. त्यांच्या तोंडातल्या पाचक स्रावांनी कातडी विरघळते, जखम होते, जखमेच्या वासावर आणखी माशा येतात. सडणाऱ्या मांसातलं विष रक्तात भिनायला लागलं, की ससा थंड पडतो, त्याचा रक्तदाब कोसळतो. काल सकाळी ठीक वाटणारा ससा आज रात्री दगावू शकतो, तो असा.

आणि या सगळ्या वेळात तो ओरडत नाही. ससा ही शिकार होणाऱ्या प्राण्यांची जात आहे. दुखतंय हे दाखवणारा ससा रानात आधी मारला जातो, त्यामुळे वेदना लपवणं त्याच्या रक्तात आहे. कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसलेल्या सशाकडे बघून घरचे म्हणतात, “आज शहाण्यासारखा बसलाय.” मला हे ऐकताना फार वाईट वाटतं, कारण त्या बसण्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. ससा खायचा थांबला, लेंड्या कमी झाल्या, दात करकर घासायला लागला, मागचा भाग ओला दिसला किंवा नेहमीपेक्षा वेगळा, कुबट-गोडसर वास आला, तर ती आणीबाणी समजायची. सशाच्या बाबतीत “उद्या सकाळी बघू” असं म्हणायला जागा नसते.

पण माशी येते ती शेवटी. तिच्या आधी बरंच काही बिघडलेलं असतं, आणि मला खरं तर त्याबद्दल लिहायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात सोळाव्या मजल्यावरच्या एका घरातून सहा वर्षांचा, लोंबत्या कानांचा ससा आला. आणणारे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, ससा नातीचा. नात बारावीला गेली, अभ्यासात बुडाली, आणि सशाचं सगळं आजोबांकडे आलं. त्यांनी मायेने केलं, यात मला तिळमात्र शंका नाही. सकाळी चहाबरोबर मारी बिस्किट, दुपारी पोळीचा तुकडा, संध्याकाळी गाजर आणि सफरचंदाच्या फोडी, आणि पेलेटची वाटी दिवसभर भरलेली. गवत अजिबात नाही. “ते घाण करतं, आणि त्याला आवडतही नाही,” असं घरचं मत. ससा इतका जाड झाला होता, की त्याचं तोंड स्वतःच्या शेपटीपर्यंत पोचत नव्हतं.

ते का पोचायला हवं, हे फार थोड्यांना माहीत असतं. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या आपण झाडून टाकतो. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घोसासारखी असते, बहुतेक रात्री किंवा पहाटे येते, आणि ससा ती बाहेर पडताक्षणी थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात जिवाणूंनी चाऱ्यातून तयार केलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्यात असतात. त्याच्या पचनाची ती दुसरी फेरी आहे. ज्या घरात सगळं नीट चाललेलं असतं, तिथे ही मऊ लेंडी माणसाला कधी दिसतच नाही. ती दिसायला लागली, बसकणावर किंवा सशाच्या केसांत चिकटलेली आढळली, की समजावं काहीतरी चुकतंय. एकतर ससा वाकू शकत नाही. त्याला लठ्ठपणा आहे, म्हातारपणाची पाठ किंवा सांधे धरलेत, दाढांना टोकं येऊन जीभ सोलली जातेय. किंवा त्याच्या पोटात इतकी साखर आणि पीठ जातंय, की ती लेंडी सैल होऊन केसांना लिंपली जातेय. बिस्किट, पोळी, भात, केळं हे सगळे या दुसऱ्या कारणात येतात. गाजरही येतं. बालवाडीच्या तक्त्यावरच्या सशाच्या हातात गाजर असतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याला गाजर देत आलो. ते गोड कंद आहे. नखाएवढा तुकडा कधीतरी, इतकीच त्याची जागा.

सशाच्या रोजच्या खाण्यात चार-पंचमांशाहून अधिक वाटा सुक्या गवताचा असायला हवा. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चावण्याने. आतडं चालतं तंतूंवर. तंतू भरपूर गेले की मऊ लेंडी घट्ट बांधलेली येते, ससा ती उचलून खातो, मागचा भाग कोरडा राहतो, आणि माशीला बोलावणारा वासच उरत नाही. माशीपासूनचं संरक्षण गवताच्या पेंडीपासून सुरू होतं असं मी सांगते, ते या अर्थाने. पेलेट द्यायचेच असतील तर प्रौढ सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या वर नकोत. मूठभर कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला चालतो. पाणी मात्र चोवीस तास भरलेलं असावं.

गवत कुठून आणायचं, हा प्रश्न लोक लगेच विचारतात, आणि परदेशी टिमोथी गवताच्या पाकिटाची किंमत ऐकून गप्प होतात. तेच आणायला हवं असं नाही. आमच्याच जिल्ह्यात आणि पालघरकडे गवताच्या वखारी आहेत, तिथून तबेल्यांना गाठी जातात. जवळच्या तबेल्यात विचारलं तर किलो-दोन किलो चांगलं सुकं गवत मिळतं. घाटावर असाल तर मारवेलसारखी गवतं उत्तम. भाताचा पेंढा पोट भरतो, पण त्यात कस कमी. ज्वारीचा कडबा सशाला फार जाड पडतो. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज देऊ नये. त्यात कॅल्शियम जास्त असतं, ते लघवीवाटे गाळासारखं बाहेर पडतं, मांड्यांवर सुकतं, कातडी पोळते आणि पोळलेली ओली कातडी माशीला हवीच असते. पावसाळ्यात गवत कोरड्या पिंपात किंवा सुती पिशवीत ठेवा. बुरशीचा जरा वास आला तरी ती पेंडी टाकून द्या.

आता पिंजऱ्याचं. बाजारात सशाचा म्हणून जो तारेच्या तळाचा पिंजरा मिळतो, त्यात प्रौढ ससा धड उभाही राहू शकत नाही. न हलणारा ससा जाड होतो, स्वतःच्याच लघवीत बसून राहतो, तारेने त्याच्या टाचा सोलवटतात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखरूपतेसाठी वाजवी ती सगळी काळजी घेणं हे कर्तव्य आहे. हे पिंजरे तरीही राजरोस विकले जातात. घरात एक खोली किंवा हॉलचा एक भाग कुंपण घालून त्याला मोकळा द्या. ससा एका कोपऱ्यात लघवी करायला लवकर शिकतो. तिथे ट्रे ठेवा, खाली वर्तमानपत्र, वर गवत, आणि ते रोज बदला. ट्रेवर लघवीचा पांढरा थर बसतो, तो साध्या व्हिनेगरने निघतो. फिनेल वापरू नका. ससा जमिनीलगत राहतो, तो वास सतत त्याच्या नाकात जातो आणि तो पंजे चाटतो. उग्र वासाचा देवदार किंवा पाइनचा भुसाही नको.

खिडक्यांना डासांची जाळी लावून घ्या, हे मी सगळ्यांना सांगते, पण जाळीवर सगळा भरवसा टाकू नका. माशी दारातून येते, बाल्कनीतून येते, ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या मागोमाग येते. आंब्याच्या दिवसांत साली आणि कोयी, रविवारी कोलंबीची सालं, हे डब्यात रात्रभर राहिलं, की स्वयंपाकघर माशांचं ठिकाण होतं, आणि ससा बहुतेक घरांत स्वयंपाकघराला लागूनच्या कोरड्या बाल्कनीत असतो. डब्याला घट्ट झाकण आणि सशाची जागा तिथून लांब, एवढं केलं तरी पुष्कळ. माशा हाकलायला सशाच्या खोलीत कॉइल किंवा धूप लावू नका. त्याची फुप्फुसं नाजूक असतात.

हे सगळं करूनही रोजचं बघणं सुटत नाही. सकाळी दात घासल्यावर एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा. सशाला मांडीवर घ्या, एका हाताने छाती आणि दुसऱ्याने मागचे पाय धरा, म्हणजे तो उसळून पाठीला इजा करून घेणार नाही. शेपूट उचला, मांड्यांच्या घड्या बघा, माद्यांमध्ये हनुवटीखालची लोंबती घडीही. केस कोरडे आहेत का, कुठे चिकटलंय का, बोटाला ओल लागते का. अर्धं मिनिट लागतं. हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलावर सोपवू नये, असं माझं ठाम मत आहे. ससा मुलासाठी आणला असला तरी तो आठ-दहा वर्षं जगतो, मुलाचं मन त्यातून कधीच पुढे गेलेलं असतं, आणि शेपटीखाली बघण्याची किळस मोठ्यांनाही जिंकावी लागते. ज्या घरात हे बघायची मोठ्यांची तयारी नाही, त्या घरात ससा येऊ नये.

मागचा भाग थोडासा खरकटला असेल, तर कोमट पाण्यात बोळा भिजवून तेवढाच भाग पुसा आणि पूर्ण कोरडा करा. सशाला आंघोळ घालू नका. तो घाबरतो, गारठतो, आणि त्याचे दाट केस आतून तासन्‌तास ओले राहतात.

अळ्या दिसल्या तर? इथे मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती घरगुती उपायांची. गावाकडे बैलाच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओततात, सीताफळाचा पाला वाटून लावतात. बैलाची कातडी आणि सशाची कातडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टर्पेंटाइनने सशाची कातडी भाजते, आणि चाटल्यावर ते पोटात जातं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळे कायमचे जाऊ शकतात. त्याहून घातक म्हणजे घरातल्या कुत्र्याचं गोचिडांचं औषध सशाच्या मानेवर टाकणं. त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं, आणि फिप्रोनिलने ससे मरतात. हे वाक्य कात्रण काढून फ्रीजवर लावलंत तरी चालेल. ब्रिटनमध्ये सायरोमॅझिन नावाचं द्रव्य सशांसाठी मिळतं, पावसाळ्याआधी नव्हे, तिथल्या उन्हाळ्याआधी ते लावतात. ते अळ्यांची वाढ रोखतं, आठ-दहा आठवडे पुरतं. पण तेही माशीला हाकलत नाही, आणि आधीच मोठ्या झालेल्या अळ्या मारत नाही. तिथले पशुवैद्यही गवत आणि रोजची पाहणी हेच आधी सांगतात.

घरी करायचं ते इतकंच. सहज दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढा, सशाला भिजवू नका, कारण ओले केस कापताना कातडी फाटते. कोरड्या टॉवेलात गुंडाळून उबदार ठेवा आणि निघा. दवाखान्यात केस काढून एकेक अळी वेचावी लागते, सलाइन, वेदनाशामक, अळ्यांवर मोजून दिलेलं औषध, आणि ससा खात नसेल तर सिरिंजने भरवणं. लवकर आलेला ससा बरा होतो. उशिरा आलेल्या सशाच्या बाबतीत कधी कधी त्याला शांतपणे जाऊ देणं हेच दयेचं ठरतं, आणि ते घरच्यांना सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यांत जड भाग आहे. सोळाव्या मजल्यावरचे आजोबा अळ्या दिसल्या त्याच दिवशी, दुपारच्या ओपीडीतच आले होते. ससा वाचला. आता त्याचं वजन उतरलंय, आणि आजोबा महिन्यातून एकदा तबेल्यातून गवत आणतात.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगायचं आहे. आमच्या शिक्षणाचा भर गाय, म्हैस, शेळी आणि कुत्र्यावर होता. ससा भेटला तो प्रामुख्याने प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. पण आता तो दारात उभा आहे. “आम्ही ससे बघत नाही” असं फोनवर सांगताना, कोण बघतं त्याचा नंबर तरी द्यावा. पावसाळ्यात त्या एका नंबरावर जीव अवलंबून असतो.

आणि दुकानदार. २०१८ साली केंद्राने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले, त्यांत सशाचं नाव स्पष्ट आहे. दुकानाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी आहे की नाही हे ससा घेण्याआधी विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि तो वापरायला हवा. माझी मागणी पुढची आहे. प्रत्येक सशाबरोबर एक छापील मराठी कागद दिला जावा, आणि त्यावर तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत असाव्यात. याला गवत लागतं. याच्या शेपटीखाली रोज बघा. याला कुत्र्याचं औषध लावू नका. या कागदाला दुकानदाराचा एक रुपयाही खर्च होत नाही, आणि जो तो देत नाही त्याने ससे विकू नयेत.

गणपती जवळ आले आहेत, म्हणून शेवटी एक तातडीची गोष्ट. घोडबंदरची निम्मी घरं त्या आठवड्यात कोकणात जातात, आणि ससा मागे राहतो. शेजारच्या काकू किंवा वॉचमनदादा रोज एकदा येऊन वाटी भरून जातात. नेमके तेच दिवस ओल्या हवेचे आणि माशांचे असतात, आणि दोन दिवस न बघितलेली शेपूट तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येते. गावाला निघायच्या आधी काकूंना घरी बोलवा. ससा कसा धरायचा, शेपूट कशी उचलायची, काय दिसलं की घाबरायचं, हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या. दवाखान्याचा नंबर, रिक्षाचे पैसे आणि उपचाराला तुमची संमती लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या. हे करणारं कुणीच नसेल, तर ससा ठेवून घेणाऱ्या ओळखीच्या घरी किंवा दवाखान्यात सोय करा. जागा लवकर भरतात, आत्ताच फोन करा.